बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचं नाव अधिकृत युद्धस्मारकाच्या नोंदीत कसं आणायचं?

सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, बेळगाव. या पट्ट्यात असं घर शोधावं लागत नाही, जिथे कुणीतरी ‘बसऱ्याला (आजच्या इराकमधल्या बंदराकडे) गेला तो परत आलाच नाही’. पहिल्या महायुद्धात अविभाजित हिंदुस्थानचे सुमारे ७४,००० आणि दुसऱ्यात सुमारे ८७,००० सैनिक मृत्यू पावले. त्यांतल्या अनेकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांतल्या राष्ट्रकुल सैन्यांच्या मृतांची थडगी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत आहेत. काहींची चुकलेली आहेत. काहींची मुळीच नाहीत. २०२१ मध्ये कमिशनच्याच विशेष समितीने अहवालात मान्य केलं, की पहिल्या महायुद्धातले किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृत नावानिशी स्मरले गेलेले नाहीत, किंवा त्यांचं स्मरण झालेलंच नाही. यांत आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक सर्वाधिक आहेत, पण हिंदी सैनिक आणि मजूरही आहेत.

हे काम घरबसल्या बरंचसं होतं. वकील लागत नाही, एजंट लागत नाही आणि कमिशन एक पैसाही घेत नाही. लागते ती चिकाटी आणि पुराव्याची शिस्त. खालचा क्रम तसाच ठेवा; पायरी गाळून पुढे गेलात तर मागे यावंच लागतं.

१. आधी पात्रता बघा, मग दप्तरं उपसा

कमिशनच्या दृष्टीने तारखा पक्क्या आहेत. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. मृत्यू या मुदतीत हवा.

पहिली मुदत पुन्हा वाचा, ती ११ नोव्हेंबर १९१८ ला संपत नाही. १९१९ चं तिसरं अफगाण युद्ध, वझिरिस्तानच्या मोहिमा, १९२० चं इराकमधलं बंड या सगळ्यांतले मृत्यू तिच्यात बसतात. ‘लढाई संपल्यावर गेला, म्हणजे मोजणार नाहीत’ असं समजून अनेक घरं इथेच थांबतात. थांबू नका.

आता मृत्यू कसा आला ते. इथे दोन वाटा फुटतात आणि तुमचं सगळं पुढचं काम यावरच ठरतं.

(क) मृत्यूच्या वेळी माणूस नोकरीत होता. मग कारण काहीही चालतं. गोळी, कॉलरा, हिवताप, अपघात, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, सगळं. रजेवर घरी आलेला असताना गावातच वारला असला तरी तो नोकरीतच होता.

(ख) नाव कमी होऊन, म्हणजे डिस्चार्ज मिळून घरी आला आणि मग वारला. इथे मृत्यू मुदतीत असणं पुरत नाही. ज्या जखमेने किंवा आजाराने तो गेला ती नोकरीमुळे जडली किंवा नोकरीत बळावली, हे कागदाने दाखवावं लागतं.

माझ्या मते महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने हरवलेली नावं बहुतेक तीन ठिकाणी सापडतील: रजेवर किंवा डिस्चार्जनंतर गावी वारलेले, पलटणीबरोबरचे ‘फॉलोअर’ (भिस्ती, लांगरी, खेचरवाले, सफाईवाले, लेबर कोअरचे मजूर), आणि जहाजांवरचे खलाशी. रणांगणावर पडलेल्या शिपायाचं नाव बहुधा नोंदीत असतंच, फक्त ओळखू येत नाही.

१९४७ नंतर स्वतंत्र भारताच्या सैन्यात वीरमरण आलेल्यांचा विषय वेगळा आहे. त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर आहेत आणि तिथली प्रक्रियाही वेगळी आहे.

२. घरातली ट्रंक उघडा

सरकारी कचेरीत जाण्याआधी घर. भाऊबंदांच्या घरीही विचारा, कारण पेन्शन ज्या शाखेत आली तिथेच कागद राहिलेले असतात.

पदकं सर्वांत मोलाची. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. १९१४-१५ च्या ‘स्टार’ या ताऱ्यासारख्या पदकावर हीच माहिती मागच्या बाजूला. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी काशाचं असेल तर माणूस मजूर किंवा फॉलोअर तुकडीत असण्याची शक्यता मोठी, म्हणजे शोधाची दिशाच बदलते. दुसऱ्या महायुद्धातली हिंदी सैन्याला दिलेली पदकंही पुष्कळदा नावानिशी असतात.

सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची जाड चकती, तिच्यावर सिंह, ब्रिटानिया आणि चौकटीत उठावदार अक्षरांत एक नाव असेल, तर ती पहिल्या महायुद्धातल्या मृताच्या वारसाला दिलेली स्मृतिचकती. तिच्यावर हुद्दा आणि पलटण नसते. पण ती घरात असणं म्हणजे तेव्हाच्या सरकारने तो मृत्यू युद्धातला मानला होता, याची चांगली खूण.

पदकं चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नका. कडेवरची अक्षरं झिजली की पुरावा गेला. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बाजूने तिरपा उजेड टाकून कडेचे तुकड्यातुकड्यांत फोटो काढा.

याशिवाय बघायचं:

- डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक किंवा पेन्शन मंजुरीचा कागद
- मृत्यू कळवणारं पत्र, तार, मनीऑर्डरची कुपनं
- जंगी इनामाचा किंवा जमीन मिळाल्याचा कागद
- गणवेशातला फोटो (खांद्यावरचा आणि पगडीवरचा बिल्ला स्पष्ट दिसेल असा स्कॅन)
- कुळाची वंशावळ, भाटाच्या किंवा तीर्थोपाध्यायाच्या वहीतली नोंद

कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. कागद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून आधी देवनागरी लिप्यंतर करून घ्या, भाषांतर नंतर.

घरातल्या म्हाताऱ्यांना विचारताना श्राद्धाची तिथी विचारा. ठरावीक तिथीला श्राद्ध होत असेल तर कधीतरी घरी निश्चित बातमी आली होती. फक्त ती तिथी मृत्यूची की बातमी पोचल्याची, हे तपासायचं बाकी राहतं. सर्वपित्रीलाच करत असतील तर तारीख बहुधा कळलीच नव्हती. शक आठवत असेल तर त्यात ७८ मिळवा. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी जानेवारीच्या पुढे सरकली असेल तर ७९.

३. पलटणीचं त्या वेळचं नाव शोधा

घरात ‘मराठा पलटण’ एवढंच सांगतात. पण १९२२ मध्ये सगळ्या पलटणींचे नंबर बदलले. त्यामुळे युद्धकाळातलं नाव माहीत नसेल तर कुठलीच नोंद हाती लागत नाही. मराठा पलटणींचा तक्ता असा:

- १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री: १९२२ नंतर १ली बटालियन, ५वी मराठा लाइट इन्फंट्री
- १०५ वी मराठा लाइट इन्फंट्री: २री बटालियन
- ११० वी मराठा लाइट इन्फंट्री: ३री बटालियन
- ११६ वी मराठा: ४थी बटालियन
- ११७ वी मराठा: ५वी (रॉयल) बटालियन
- ११४ वी मराठा: १०वी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन

यांपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथल्या तुर्कांच्या वेढ्यात होत्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतर कैदेत गेलेल्यांचे मृत्यू हा फार अवघड भाग आहे. त्यांच्या तारखा अनेकदा अंदाजाने ठरवलेल्या असतात. घरातली तिथी आणि सरकारी तारीख यांत काही महिन्यांचा फरक दिसला तर लगेच ‘हा आपला नव्हे’ म्हणू नका.

मराठी माणूस फक्त मराठा पलटणींतच होता असंही नाही. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात सुरू झाली, म्हणजे १९१७ च्या महार शिपायाची नोंद तिच्यात थेट असेलच असं धरू नका. बॉम्बे सॅपर्स (लष्करी इंजिनिअर), ग्रेनेडिअर्स, पायोनिअर (रस्ते-खंदक बांधणाऱ्या) पलटणी, खेचर तुकड्या, लेबर कोअर, हॉस्पिटलांचे सेवक यांतही आपले लोक होते.

आणखी एक सापळा. भरती एका पलटणीत, मृत्यू दुसऱ्या पलटणीबरोबर, असं सर्रास झालं. कुमक म्हणून पाठवलेले शिपाई दुसऱ्या पलटणीला जोडले जात. त्यामुळे भरतीची आणि मृत्यूची पलटण वेगवेगळी लिहून ठेवा. पहिल्या महायुद्धातला नंबर प्रत्येक पलटणीचा स्वतंत्र असे. २१४५ नंबरचा शिपाई ११० मध्येही असू शकतो आणि ११७ मध्येही. पलटणीशिवाय नंबर निरुपयोगी आहे.

४. नाव आधीच नोंदीत आहे का? इथे घाई करू नका

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. ‘नाव नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी प्रकरणांत नाव असतं, पण वेगळ्याच रूपात.

कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धमृतांचा शोध फुकट आहे. तिथे नुसतं आडनाव टाकून समाधान मानू नका. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आहे. शिंदे हे सिंदे, सिंधे, सिंदिया झालेत. भोसले हे भोन्सले. सावंत, चव्हाण, कदम यांची इंग्रजी रूपं पाचपाच. शिवाय पुष्कळदा आडनाव नसतंच, ‘धोंडू रामजी’ असं स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं, आणि संगणक ‘रामजी’ला आडनाव मानतो.

म्हणून उलट दिशेने शोधा:

१. सैन्य म्हणून ‘इंडियन’ निवडा, नावाचा रकाना मोकळा ठेवा.
२. पलटणीचं नाव आणि महायुद्ध निवडा. यादी मोठी आली तर तारखांचा पट्टा घाला.
३. आलेली सगळी यादी तक्त्याच्या रूपात उतरवून घ्या. संकेतस्थळावर तशी सोय आहे.
४. त्या तक्त्यात ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गाव, तालुका, जिल्हा शोधा. ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, सातारा, बॉम्बे’ अशा धाटणीची माहिती तिथे असते.

गाव शोधताना आजचा नकाशा विसरा. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. तो १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. आजच्या सांगलीचा मोठा भाग सातारा जिल्ह्यात होता. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, जत ही संस्थानं होती आणि पत्त्यात जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव येतं. गावाचं नावही मोडलेलं असणार, म्हणून पहिली तीन-चार अक्षरंच टाकून शोधा.

नोंद सापडली तर ती कुठल्या स्मारकावर आहे ते बघा. ढोबळ हिशेब असा: मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्यांची नोंद बहुधा बसरा मेमोरियलवर, फ्रान्स-बेल्जियममध्ये गेलेल्यांची न्यूव्ह शापेलला, जिथे ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक आणि मजूर आहेत, इजिप्त-पॅलेस्टाइनची हेलिओपोलिस इथल्या पोर्ट तौफिक स्मारकावर, पूर्व आफ्रिकेची नैरोबी, दार-ए-सलाम किंवा टांगा इथे, सरहद्दीवरच्या आणि देशातल्या मृत्यूंची दिल्लीच्या इंडिया गेटवर, जिथे १३,००० हून अधिक नावं कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशासाठी रंगून मेमोरियल, मलाया-सिंगापूरसाठी सिंगापूर मेमोरियल, इटलीसाठी कॅसिनो, आफ्रिकेच्या वाळवंटासाठी अलामेन. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. त्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा नाही, म्हणून त्यांचं नाव कॅसिनो मेमोरियलवर आहे.

बसऱ्याबद्दल खास सांगतो. त्या स्मारकाच्या भिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत. पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे. नावं वेगळ्या नोंदवहीत गेली. त्यामुळे भिंतीच्या फोटोत पणजोबांचं नाव दिसत नाही म्हणून ते स्मरणातून वगळले गेले, असा निष्कर्ष काढू नका. नोंदवहीवरूनच संकेतस्थळाची यादी झाली आहे, ती बघा. हे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर नेलं गेलं. अमाराच्या डाव्या तीरावरच्या हिंदी युद्ध-दफनभूमीत तर सुमारे ५,००० जण आहेत आणि ओळख पटलेले फक्त ९. पुरण्या-दहनाची नीट नोंदच लष्कराने ठेवली नव्हती. आपल्या माणसांना हा न्याय मिळाला, हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि म्हणूनच हे काम करायला हवं.

खडकीच्या युद्धस्मारकाबद्दल गैरसमज फार. तिथे मुख्यतः देशातल्या छावण्यांतल्या, देखभाल न होऊ शकणाऱ्या थडग्यांमधल्या सैनिकांची नावं आणि शेजारी दुसऱ्या महायुद्धातली थडगी आहेत. ‘पुण्याजवळचं स्मारक म्हणजे मराठा पलटणीचं’ असं नाही.

नोंद आहे पण नाव, गाव किंवा तारीख चुकली आहे, असं दिसलं तर नवा अर्ज करू नका. दुरुस्तीची विनंती वेगळी असते आणि ती लवकर मार्गी लागते. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर त्या निस्तरायला फार वेळ जातो.

५. गावचं दप्तर

नाव खरोखरच नाही, अशी खात्री झाली की पुरावा गोळा करायला लागा. तीन गोष्टी सिद्ध करायच्या: तो सैन्यात होता, तो अमुक तारखेला वारला, आणि (ख) गटात असेल तर मृत्यूचं कारण नोकरीशी जोडलेलं होतं. चौथी, न लिहिलेली गोष्टही आहे: भरतीच्या कागदातला माणूस आणि मृत्यूच्या नोंदीतला माणूस एकच आहे. अर्ज सर्वाधिक इथेच फसतात.

गावी वारलेल्यांसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जन्ममृत्यूची ही जुनी नोंदवही तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. जातीच्या दाखल्यासाठी लोक ती काढतात, त्यामुळे कारकुनाला काय हवं ते कळतं. अर्जात गाव, अंदाजे वर्षं (तीन-चार वर्षांचा पट्टा) आणि नाव द्या. नोंदीत मृत्यूचं कारण असतं, पण ‘ताप’, ‘खोकला’ असं मोघम. तेही उतरवून घ्या.

परदेशात गेलेल्याची नोंद कोतवाल बुकात मिळत नाही. तिथे फेरफार बघा. जमिनीवर वारस लागले तेव्हाची गाव नमुना ६ मधली फेरफार नोंद ‘अमुक लढाईत मयत’ असं कारण देते कधीकधी. वारसनोंद मृत्यूनंतर पाच-दहा वर्षांनीही झालेली असते, म्हणून फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या सोयीत स्कॅन करून ठेवले आहेत.

गावात संगमरवरी पाटी आहे का बघा. ‘या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले’ अशी पाटी अनेक गावांच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाच्या ओवरीत चिणलेली आहे. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, असं तिथलं स्मारक सांगतं. पाटीवर बहुधा आकडाच असतो. पण तुम्ही जमवलेली नावं आणि पाटीवरचा आकडा जुळत नसेल तर आणखी कुणीतरी शोधायचा राहिला आहे. चुन्याखाली किंवा रंगाखाली पाटी गेली असेल तर छिन्नीने खरवडू नका.

६. लष्करी दप्तर

इथे शब्द बरोबर वापरा, तर उत्तर मिळतं. शिपायाच्या नोकरीच्या कागदाला ‘शीट रोल’ म्हणतात आणि पलटणीच्या मुख्य नोंदवहीला ‘लाँग रोल’. शीट रोल ठरावीक मुदतीनंतर नष्ट केलेली असण्याची शक्यता मोठी. लाँग रोल टिकलेला असण्याची आशा जास्त. म्हणून पत्रात दोन्हींची नावं घेऊन मागणी करा. ‘माझ्या पणजोबांची माहिती द्या’ एवढंच लिहिलं तर ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं.

पत्र कुणाला: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगावचं रेजिमेंटल सेंटर, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी पुण्यातलं खडकी, ग्रेनेडिअर्ससाठी जबलपूर, आणि त्या त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये. वीस वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीबाबत कायद्याच्या कलम ८(३) चा उल्लेख करा. ‘दप्तर नष्ट’ असं उत्तर आलं तर निराश होऊन फाडू नका, जपून ठेवा. मूळ कागद का नाही याचा तो लेखी पुरावा आहे, आणि मग दुय्यम पुराव्याला वजन येतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विधवा आणि माजी सैनिकांच्या नोंदींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात युद्धडायऱ्यांना जोडलेल्या मृत-जखमींच्या याद्या आहेत; त्यांत नंबर, नाव, पलटण मिळते. घरबसल्या सूची बघण्यासाठी ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत. डायरीत साध्या शिपायाचं नाव क्वचितच असतं, ‘आज ३ शिपाई मृत’ एवढंच. तरी तारीख आणि ठिकाण ताडून बघायला ती फार कामाची.

लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या पंजाबच्या भरती नोंदवह्यांची बातमी वाचून पुष्कळ मराठी लोक तिथे शोधत बसतात. त्या पंजाबच्याच आहेत. मुंबई इलाख्याचं त्यांत मिळणार नाही.

(ख) गटातल्यांना एकच कागद खरा तारतो: नोकरीतून आजारपणामुळे कमी केल्याचा वैद्यकीय मंडळाचा शेरा, किंवा त्याच आजारावर मिळालेली अपंगत्वाची पेन्शन. डिस्चार्ज सर्टिफिकेटवर कमी करण्याचं कारण एका ओळीत असतं, ती ओळ आधी वाचा. क्षयाने नोकरीतून काढला आणि वर्षभरात घरी ‘खोकल्याने’ वारला, ही साखळी जुळते. निरोगी म्हणून सुटला आणि पुढे कॉलऱ्याने वारला, तर कितीही वाईट वाटलं तरी ही केस टिकणार नाही.

७. खलाशी असेल तर

कोकणातले मुसलमान, खारवी, भंडारी, आणि मुंबईहून बोट धरणारे गोवेकर यांची वाट वेगळी आहे. व्यापारी जहाजावरच्या माणसाचा मृत्यू युद्धाच्या कारणाने व्हायला हवा: पाणतीर (टॉर्पेडो), सुरुंग, बॉम्ब. जहाजावर तापाने वारला तर पात्र ठरत नाही. गोवेकर तेव्हा पोर्तुगीज प्रजा होते, पण बोट ब्रिटिश असेल तर त्याने अडत नाही.

इथे पलटणीच्या जागी जहाजाचं नाव ही किल्ली. जहाज कधी, कुठे बुडालं ते आधी ठरवा. उदाहरणार्थ ‘तिलावा’ मुंबईहून मोंबासाला जाताना २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवलं आणि २८० जण गेले. त्यांतले खलाशी या निकषात येतात. प्रवाशांना खलाशाचा निकष लागू होत नाही. मग मुंबईच्या स्मारकांची नोंद बघा. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांच्या सहा हजारांच्या आसपास माणसांची नावं मुंबई आणि चितगाव इथे ठेवलेल्या सारख्याच नोंदवह्यांत आहेत. घरात सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीचं पुस्तक, असेल तर शेवटच्या जहाजाचा शिक्का तिच्यात मिळतो.

८. अर्ज बांधणं

कमिशनच्या संकेतस्थळावर स्मरणातून राहून गेलेल्यांसाठी चौकशीचा फॉर्म आहे. अर्ज कुणीही करू शकतो, वारसच हवा असं नाही. तरी घरच्यांना आधी विचारा. त्यांना स्पष्ट सांगाही: यातून पेन्शन, जमीन, नोकरी काही मिळत नाही. हे आधी बोललं नाही तर भाऊबंदकीत वाद होतात आणि कागद कपाटात कुलूपबंद होतात.

सोबत जोडायचं:

- एका पानाचा गोषवारा, इंग्रजीत: नाव (सगळी लेखनरूपं), नंबर, हुद्दा, पलटण, गाव-तालुका-जिल्हा तेव्हाचा आणि आताचा, मृत्यूची तारीख, ठिकाण, कारण
- नोकरीचा पुरावा (पदकाच्या कडेचे फोटो, डिस्चार्ज, लाँग रोलचा उतारा)
- मृत्यूचा पुरावा (कोतवाल बुकाचा प्रमाणित उतारा, पत्र, फेरफार)
- (ख) गटात: कारणाची साखळी दाखवणारा कागद
- दोन्ही पुराव्यांतला माणूस एकच, हे दाखवणारं: वडिलांचं नाव, गाव, वय जुळल्याचा छोटा तक्ता
- मराठी-मोडी कागदांचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीसह
- संकेतस्थळावर कसकसं शोधलं आणि नाव मिळालं नाही, याच्या चार ओळी

मूळ कागद कधीच पाठवू नका. स्कॅन ३०० डीपीआयचे, प्रत्येक फाइलला क्रमांक, आणि गोषवाऱ्यात प्रत्येक विधानासमोर तो क्रमांक. ‘देशासाठी प्राण दिले’ अशी वाक्यं गोषवाऱ्यात नकोत. तपासणाऱ्याला तारखा आणि क्रमांक हवे असतात. वारसांची प्रतिज्ञापत्रं फार वजन धरत नाहीत, कारण ती आजची आहेत. शंभर वर्षांपूर्वीची एक ओळ दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा भारी.

एका माणसासाठी एक अर्ज. गावातले दहा जण सापडले तर दहा संच करा. एक कमकुवत निघाला तर बाकीचे नऊ अडकायला नकोत.

९. अर्जानंतर

कमिशन कागद तपासतं आणि गरज पडली तर संबंधित लष्करी यंत्रणेचं मत घेतं. यात महिने जातात, वर्षही जाऊ शकतं. मध्ये प्रश्न विचारला तर विचारलं तेवढंच उत्तर द्या, नवे नातेवाईक आणि नव्या कहाण्या जोडू नका. नकार आला तर कारण लेखी मागा. नवा पुरावा मिळाल्यावर प्रकरण पुन्हा उघडता येतं; त्याच कागदांवर पुन्हा अर्ज केला तर तेच उत्तर येतं.

मान्य झालं की नाव आधी संकेतस्थळावर चढतं. दगडावर किंवा नोंदवहीत यायला आणखी वेळ लागतो. थडगं माहीत असेल तिथे खूण बसते; दहन झालं असेल किंवा जागा ठाऊक नसेल तर त्या त्या रणक्षेत्राच्या स्मारकावर नाव जातं. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ दहन झालेल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांची नावं तिथल्या दगडावर २०१० मध्ये कोरली गेली, म्हणजे उशीर झाला तरी वाट बंद होत नाही.

गावात वेगळी पाटी हवी असेल तर ते काम कमिशनचं नाही. ग्रामसभेचा ठराव करा आणि ठरावाला कमिशनच्या नोंदीची छापील प्रत जोडा. पाटीवर नाव मराठीत घरच्या उच्चारानुसार लिहा, आणि त्याखाली नंबर आणि पलटण जरूर टाका. उद्या दुसऱ्या कुणी त्याच घराण्यातला माणूस शोधायला घेतला, तर त्याला सुरुवात तिथूनच करता येईल.